सव्वा तासाचं सासर

माझ्या विहीणबाई जनकाबाई यांच्याबद्दल चांगलं बोलणारा माणूस मला अजून भेटायचा आहे, आणि भेटलाच तर मी त्याच्याशी भांडेन. कुरुंद्यात हळद काढणाऱ्या बायांची जी टोळी आहे, तिच्या त्या मुकादम. एरवी कुणाला न भिणारे शेतकरी त्यांच्याशी टोळीचं बोलायचं झालं की बायकोला पुढं करतात. हात बारा महिने पिवळे, आवाज असा की वावराच्या या बांधावरून त्या बांधावरच्या बाईची चूक काढतील, आणि नाकावर माशी बसू द्यायची नाही हा स्वभाव. पोटी एकच लेक, ज्योती. ती माझी सून झाली हे माझं भाग्य, आणि जनकाबाई विहीण झाल्या ही त्याची वसुली.

आमचं बिनसलं ते पहिल्याच दिवशी. मी, माझी बायको सरिता आणि मुलगा रत्नपाल असे तिघं कळमनुरीहून कुरुंद्याला मुलगी बघायला गेलो होतो. पोहे झाले, चहा झाला. पुंजाजी, म्हणजे ज्योतीचे वडील, मऊ माणूस. ते माझ्या नोकरीची, पाटबंधाऱ्याच्या कचेरीची विचारपूस करत होते. जनकाबाई उंबऱ्यात बसून आमच्याकडे बाजारातली म्हैस बघावी तसं बघत होत्या. मध्येच म्हणाल्या, "पोरगं ऱ्हातं कुठं?"

"बंगळुरूला. कंपनीत आहे."

"कितीक भाकरीवर हाय?"

मला काही उमजेना. पुंजाजींनी हसत सांगितलं, "आमच्या घरात वाट भाकरीनं मोजत्यात. तिचं माहेर हट्टा, ते अर्ध्या भाकरीवर. तुमचं कळमनुरी एका भाकरीवर. वाटंत भूक लागून एक भाकर खाल्ली की गाव आलं पायजे. एका भाकरीच्या पल्याड लेक द्यायची न्हाई, आसं तिचं म्हननं."

आता मी पडलो शिकलेला माणूस. नांदेडला विमान सुरू झालेलं, मी त्याची माहिती वर्तमानपत्रात वाचलेली. मी जरा सावरून बसलो आणि म्हणालो, "विहीणबाई, साडेआठशे किलोमीटर का असेना, नांदेडहून विमान आहे. सव्वा तास. तुम्ही इथं भाकरी थापायला घ्याल, तवा तापायच्या आत पोरगी दारात उभी राहील."

त्यांनी माझ्याकडे एकदा नीट बघितलं. "बोल्लात ते ध्यानात ठिवा, इवाई," म्हणाल्या. आमच्याकडे व्याह्याला इवाई म्हणतात. ज्योतीला रत्नपाल पसंत होता, म्हणून लग्न झालं. पण त्या दिवसापासून ते दोन शब्द जनकाबाईंनी पदराला बांधून ठेवले, आणि जिथं भेटतील तिथं पदर सोडून दाखवले.

दोन वर्षांपूर्वी वैशाखात पुंजाजी वावरातच कोसळले. फोन बंगळुरूला गेला, ज्योतीनं हंबरडा फोडला, रत्नपालनं मोबाइल उघडला. त्या दिवशी विमान नव्हतंच. ते काही आपल्या सोयीनं रोज उडत नाही, ही गोष्ट मी बघणीच्या वेळी सांगितली नव्हती, कारण मला ठाऊकच नव्हती. मग हैदराबादपर्यंत एक विमान, तिथून भाड्याची गाडी, गाडीचं टायर फुटलं, रस्त्याचं काम निघालेलं. इकडं कुरुंद्यात वैशाखाचं ऊन. गावकऱ्यांनी एक रात्र काढली, सकाळी आणखी थोडं थांबले, मग म्हणाले की आता ठेवता येत नाही. जनकाबाई आडव्या पडल्या तरी लोकांनी ऐकलं नाही, आणि त्यांचं चुकलं असं मी म्हणणार नाही. ज्योती पोचली तेव्हा राखेतून धूर निघत होता. ती तिथंच बसून राहिली. तिला बापाचं तोंड दिसलं नाही.

मी सांत्वनाला पुढं झालो. जनकाबाई सगळ्या भावकीसमोर म्हणाल्या, "काहून आलात इवाई? तुमचा सव्वा तास सरला का?"

तिथं काय उत्तर द्यायचं होतं? विमान काय माझ्या घरी बांधलेलं होतं? पण दुखवटा होता, मी गिळलं. सरिता रस्ताभर म्हणत होती की दुःखातल्या बाईचं मनावर घेऊ नये. मी घेतलं.

मग ज्योतीला दिवस गेले. पहिलं बाळंतपण माहेरी, ही आपली रीत, त्यात वाद नव्हता. ज्योतीची तर तीच एक आस होती. बापाच्या वेळी जे हुकलं ते हुकलं, निदान लेकरू तरी बाप राहत होता त्या घरात व्हावं, असं ती रत्नपालला म्हणायची. निवृत्त झाल्यापासून आम्ही दोघं बंगळुरूला रत्नपालच्या फ्लॅटवरच होतो. सातवा महिना लागला तशी मी फोनवर म्हणालो, "विहीणबाई, ज्योतीला विमानात बसवून देतो. नांदेडला उतरून घ्या."

"लेक म्हंजी काय पार्सल हाय? मुराळी आल्याबिगर लेक निघत नसती."

मुराळी म्हणजे माहेराहून लेकीला न्यायला येणारा माणूस. बहुधा भाऊ येतो. ज्योतीला भाऊ नाही, म्हणून जनकाबाई स्वतःच मुराळी व्हायच्या. बाईमाणूस मुराळी म्हणून निघते याला गाव हसलं होतं, पण मागून.

"मग या लवकर."

"हळद जमिनीत हाय. टोळी सोडून कशी येऊ? दोन पंधरवडे थांबा."

दोन पंधरवडे गेले, हळद निघाली आणि आठवा महिना लागला. तर म्हणे आठव्यात वेस ओलांडायची नाही. आता नवव्यातच. माझं डोकं फिरलं. म्हटलं, "विहीणबाई, आपण बौद्ध माणसं. तुमच्या घरात वंदना होते. आणि आठवा-नववा कसला पाळता?"

"वंदना मीबी म्हन्ते. हे देवाचं न्हाई. माझ्या मायनं पाळलं म्हनून पाळते. तुमच्या मायचं तुमी काय पाळता ते सांगा."

मी फोन ठेवला. असल्या बाईपुढं शहाणपण म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी.

नववा लागला आणि जनकाबाई आल्या, त्याही विमानानं. मुद्दाम. रत्नपाल म्हणाला होता की परत जाताना ज्योतीसोबत विमानानं जा, येताना रेल्वेनं या. तर म्हणाल्या, "न्हाई. इवायाच्या सव्वा तासानंच येते आन् त्याच सव्वा तासानं लेक नेते." दारात पाऊल टाकल्या टाकल्या, चपलासुद्धा काढल्या नव्हत्या, त्यांनी मला हिशेब ऐकवला. कोंबडं आरवायच्या आत जळबाच्या ऑटोत कुरुंदं सोडलं. नांदेडला बसून राहिले. विमान उशिरा आलं. इथं उतरले तर तुमचं घर विमानापासून इतकं लांब, की गाडीत दोनदा झोप लागून दोनदा उघडली. "आता सव्वा तास तुमचा. बाकीचा दिवस कोनाच्या नावावर मांडू?"

वर आणखी एक. आमच्या घरचं पाणी त्या प्यायल्या नाहीत. लेकीला लेकरू होईतोवर तिच्या घरचं पाणी आईबापानं घ्यायचं नाही, हीही त्यांच्या मायची रीत. कॅनमध्ये कुरुंद्याचं पाणी, फडक्यात भाकरी आणि ठेचा. सरितानं पुरणाचा घाट घातला होता. ताट तसंच राहिलं आणि सरिता स्वयंपाकघरात जाऊन रडली. माझ्या बायकोला माझ्या घरात रडवणारी बाई मी पाहुणी म्हणून सांभाळत होतो.

दुसऱ्या दिवशी आम्ही सगळे विमानतळावर गेलो. ज्योतीनं हिरवी साडी नेसली होती आणि कितीतरी महिन्यांनी ती हसत होती. रत्नपालनं डॉक्टरची चिठ्ठी आणली होती. मला गाडीतच हळू आवाजात म्हणाला, "पप्पा, दिवस जरा जास्त भरलेत. पण विचारलंच तर मी बोलतो, बाकी कुणी बोलू नका." हे त्यानं मला सांगितलं. जनकाबाईंना सांगायचं धाडस त्याला झालं नाही, आणि तिथंच माशी शिंकली.

काउंटरवरच्या मुलीनं ज्योतीकडं बघून गोड आवाजात हिंदीत विचारलं, कितवा महिना. रत्नपाल तोंड उघडणार तोच जनकाबाई पुढं सरसावल्या. हळद विकायला नांदेडच्या व्यापाऱ्यांपुढं वापरतात ती हिंदी त्यांनी काढली, आणि सगळ्या रांगेला ऐकू जाईल अशा दिमाखात सांगितलं, "नव्वा लगा है बाई, पूरा नव्वा. आठवां टाल के बैठे थे हम. बराबर रीत से लेके जा रई मैं बेटी को."

मुलीनं हातातलं तिकीट खाली ठेवलं. चिठ्ठी बघितली, तारखा बघितल्या, आतून एक साहेब बोलावला. साहेबानं माफी मागितली, पण एवढ्या दिवसांच्या बाईला बसवता येत नाही म्हणाला. रत्नपालनं विनवलं. मी आवाज चढवला. साहेब नम्रपणे नाही म्हणत राहिला. सातव्यात बसवलं असतं, आठव्यातही चिठ्ठीवर बसवलं असतं.

बाहेर येऊन आम्ही भिंतीशी उभे राहिलो आणि मग जे झालं ते लोकांनी थांबून बघितलं. मी म्हणालो, "आठवा टाळला ना? आता पाळा नववा." जनकाबाई म्हणाल्या, "सव्वा तासाचं सांगून पोरगी नेली तुमी. त्या सव्वा तासाला नववा महिना चालत न्हाई, हे काहून न्हाई सांगितलं तवा?" मी म्हणालो, तुमच्या तोंडामुळं झालं. त्या म्हणाल्या, माझं तोंड खरं बोललं, तुमच्यासारखं न्हाई. रेल्वेनं नेते, आत्ताच्या आत्ता, एक रात्र आन् एक दिवसाची तर बात हाय. मी म्हणालो, रेल्वेत बाळंतपण करायचंय का? सरिता माझा हात ओढत होती. रत्नपाल जमिनीकडं बघत होता.

ज्योती सामानाच्या गाडीवर बसली होती. ती म्हणाली, "बास करा. मी कुठंच येत न्हाई. पप्पा गेले तवाबी तुमचं ह्या सव्वा तासावरूनच चाललं होतं आन् मी राखेपाशी बसले होते. आई, तू इथंच थांब. कुरुंदं माझ्या नशिबात न्हाई." आणि ती रडायला लागली. मोठ्यानं नाही. हिरव्या साडीचा पदर तोंडात धरून.

जनकाबाई लेकीच्या पाठीवरून तो पिवळा हात फिरवत राहिल्या. मला वाटलं, आता नरमल्या. सुंभ जळेल, पण पीळ जायचा नाही. माझ्याकडं वळून म्हणाल्या, "ठीक हाय. लेक माहेराला जाऊ शकत न्हाई, तर माहेर हितं आनायचं. माझी बाज आना."

"कसली बाज?"

"माझ्या घरातली. ह्या ज्योतीचं बाळंतपण मी तिच्यावर काढलं. बाभळीची हाय, तिच्या बापानं केलेली. खालून शेक द्यायला, अंग धरायला तीच पायजे. तुमच्या गादीच्या पलंगावर माझी लेक कंबर मोडून घ्यायची न्हाई. मी मुराळी होऊन आले, आता तुमी मुराळी होऊन जा. बाजेला घेऊन या."

मी हसलो. फर्निचरच्या दुकानातून खाट आणतो म्हणालो. कुणी हसलं नाही. ज्योती माझ्याकडं बघून म्हणाली, "मामा, आनता का? पप्पांच्या हातची हाय." सून मला मामा म्हणते. लग्न झाल्यापासून तिनं माझ्याकडं काही मागितलं नव्हतं.

जाताना मी विमानानं गेलो. बाजेचं विमानवाल्यांना विचारून बघितलं, ते एवढ्या लांब लाकडाला नाही म्हणाले. म्हणजे येताना रेल्वे. कुरुंद्यात उतरलो आणि हॉटेलात चहा मागितला, तर शेजारच्या बाकावरचा एकजण दुसऱ्याला म्हणाला, "हेच का ते सव्वा तास?" मला त्या गावात नावच तसं पडलं होतं. जनकाबाईंनी दोन वर्षं पेरलेलं आता उगवून आलं होतं.

किल्ली शेजारच्या नानीबाईकडं होती. तीही जनकाबाईंच्याच टोळीतली, तिचाही तोरा तसलाच. "आता आलात व्हय? त्या टायमाला तुमचं विमान आलं असतं तर लेकीला पुंजाजी दिसला असता," म्हणाली आणि दार उघडलं. बाज भिंतीशी उभी होती. एका पायावर पुंजाजींनी लेकीसाठी पोपट कोरलेला. चोच तुटलेली. बाजेवर हात ठेवून मी जरा वेळ उभा राहिलो. तो माणूस माझ्याशी कधी वाकडं बोलला नव्हता.

ऑटोवाल्या जळबानं सुंभ सोडून गुंडाळलं, चार पाय आणि चार दांड्या वेगळ्या करून बांधल्या. नानीबाईनं भाकरीचं गाठोडं दिलं. "इतक्या कशाला?" मी म्हणालो. "लागतील," म्हणाली. ऑटोच्या टपावर बाज, आत मी, असे आम्ही नांदेडला आलो. डब्यात दांड्या सीटखाली सारताना एकाच्या पायाला लागलं, त्यानं शिवी दिली. तपासनीसानं लाकूड डब्यात का म्हणून हुज्जत घातली, दंड लावला. परळीला पहिली भाकरी खाल्ली. उदगीर गेलं, बीदर गेलं. समोरची बाई सारखी विचारत होती की हे काय आहे, आणि मी दरवेळी बाज म्हटलं की हसत होती. अंधार पडला, उजाडलं, मी भाकरी खातच होतो. गाडी कुठल्या तरी उजाड फलाटावर उगाच थांबून राहिली. गाठोडं उघडलं तर शेवटची भाकरी.

ती हातात असतानाच रत्नपालचा फोन आला. "पप्पा, मुलगी झाली. दोघी बऱ्या आहेत. कळा अचानक आल्या, कळवायलाही वेळ नव्हता."

मला पहिलं तोंड बघायचं होतं. निवृत्त झाल्यावर गाव सोडून त्या परमुलखात मी पडून राहिलो ते एवढ्याचसाठी. दवाखान्यात दाराबाहेर मी उभा असणार, नर्स लेकरू आणून माझ्याकडं देणार, हे मी मनात कितीदा तरी बघून घेतलं होतं. गाडी मात्र हलेना. मला राग आला, गाडीचा, त्या बाईचा, विमानाचा, आणि तो कुणावर काढावा ते कळेना. ज्योती त्या भाड्याच्या गाडीच्या फुटलेल्या टायरपाशी तेव्हा अशीच उभी असेल, ते डोळ्यांसमोर आलं. मी भाकरी परत बांधून ठेवली.

फ्लॅटवर पोचलो तेव्हा दार जनकाबाईंनी उघडलं. बाकी सगळे दवाखान्यात होते. ज्योतीला दुसऱ्या दिवशी सोडणार होते, आणि या तिची खोली झाडून ठेवायला आल्या होत्या. मी तोंड उघडायच्या आत त्यांनी माझ्या खांद्यावरच्या दांड्या उतरवून घेतल्या. मला वाटलं, आता बोलणार, आता तो पदर सुटणार. मी तयारीतच होतो. त्यांनी माझं तोंड बघितलं आणि म्हणाल्या, "पोरीचं नाक तुमच्यासारखं हाय. वाईट झालं."

मग फरशीवर बसून त्यांनी पाय दांड्यांना ठोकले, सुंभ तोंडात धरून ओढलं आणि बाज विणायला घेतली. पोपटाचा पाय उशाकडं आला का, ते दोनदा बघितलं. मी खुर्चीत बसलो होतो. फडक्यातली ती शेवटची भाकरी मी टेबलावर ठेवली, तिच्याकडं त्यांची नजर गेली.

"उरली एक?"

"उरली," मी म्हणालो.

त्यांनी भाकरी घेतली, अर्धी मोडली, अर्धी माझ्यापुढं सरकवली. आपली अर्धी हातात धरून भिंतीला टेकल्या. घास घेतला. वाळकी भाकरी, घशाला लागली असावी. कुरुंद्याच्या पाण्याचा कॅन कोपऱ्यात रिकामा पडला होता.

"इवाई," जनकाबाई म्हणाल्या, "लेकरू झालं आता. तुमच्या घरचं पानी द्या. आन् सव्वा तास लावू नका."